दुर्बिणीचे आटे जाम होऊ नयेत म्हणून: वंगण कुठे, किती आणि कोणतं

संध्याकाळी दोन बोटांनी सहज बसलेला फिल्टर पहाटे काही केल्या निघत नाही. कॅमेऱ्याला लावलेला स्पेसर (अंतर राखणारी कडी) असा चिकटतो की तो आणि अडॅप्टर (दोन भाग जुळवणारी कडी) एकच तुकडा वाटावा. नवी दुर्बीण घेतलेल्यांना हे कधी ना कधी भोगावं लागतंच, आणि नाशिककडचं हवामान त्यात भर घालतं. थंडीत निफाडच्या पट्ट्यात पारा एक आकड्यावर उतरतो, पहाटे दव पडतं, फेब्रुवारी उलटला की धूळ सुरू होते आणि जूनपासून चार महिने सगळं सामान दमट हवेत पेटीत पडून राहतं.

अशा वेळी पहिला विचार येतो तो तेल सोडण्याचा. दुर्बिणीच्या बाबतीत तो सगळ्यात घातक. सायकलच्या चेनला चालणारं तेल इथे काचेपासून दोन-चार मिलिमीटरवर असतं आणि ते जागच्या जागी राहत नाही. वंगण हे या कामातलं शेवटचं आणि सगळ्यात लहान पाऊल आहे. आधी सफाई, मग जोड किती आवळायचा याची सवय, मग वॉशर, आणि सगळ्यात शेवटी वंगण, तेही जेमतेम चमक दिसेल एवढंच.

जोड जाम का होतो

पहिलं कारण आट्यांच्या बारीकपणात आहे. एम ४८ च्या, म्हणजे ४८ मिमी व्यासाच्या, जोडाचा पिच (लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर) ०.७५ मिमी असतो. कडी एक फेरा फिरली की तिची कड सुमारे १५१ मिमी चालते, पण जोड पुढे सरकतो पाऊण मिलिमीटरच. म्हणजे घर्षण बाजूला ठेवलं, तर बोटांचा जोर दोनशे पटीने वाढून दोन भागांना एकमेकांवर आवळतो. ‘जरा अजून घट्ट’ म्हणून दिलेला शेवटचा पिळा म्हणूनच महागात पडतो. हा जोर आट्यांवर येतो तितकाच दोन भागांच्या सपाट तोंडांवरही येतो, जिथे एकाचा खांदा दुसऱ्याला टेकतो. चिकटलेला जोड सोडवताना लागणाऱ्या ताकदीचा मोठा हिस्सा या तोंडांच्या घर्षणाचा असतो. नवखे लोक आट्यांना वंगण चोपडत बसतात आणि तोंडं मात्र तशीच कोरडी, मळकी ठेवतात.

दुसरं कारण धातूचं. स्पेसर, अडॅप्टर, फिल्टरच्या कड्या बहुतेक अॅल्युमिनियमच्या असतात. वरचा काळा अॅनोडायझिंगचा (विजेच्या प्रक्रियेने चढवलेल्या ऑक्साइडचा) थर कठीण असतो, पण आट्यांच्या टोकांवर तो आधी झिजतो. मग उघडं अॅल्युमिनियम उघड्या अॅल्युमिनियमवर घासतं. दाब जास्त असेल तर धातू धातूला धरतो, त्याचे बारीक कण ओरबाडले जातात आणि तेच कण पुढच्या आट्यात पाचर मारतात. अशा वेळी जोर करून फिरवत राहिलं की जोड आणखी रुततो. फिरवताना कर्रकर्र असा खरखरीत अडखळा लागला की हात तिथेच थांबला पाहिजे.

तिसरं कारण तापमानाचं. अॅल्युमिनियम दर अंशाला लांबीच्या दशलक्षाला २३ भाग या हिशेबाने आकसतं, पोलाद साधारण १२ भाग. ४८ मिमीची अॅल्युमिनियमची कडी १५ अंशांनी गार झाली की व्यासात सुमारे ०.०१७ मिमीने लहान होते. बाहेरची पातळ कडी लवकर गार होते, आतला जाड भाग मागे राहतो. तेवढ्या वेळात जोड आवळला जातो. दोन्ही भाग एकाच धातूचे असतील तर दोघांचं तापमान सारखं झाल्यावर तो ताण उतरतो. म्हणून थंडीतून सामान घरात आणल्याबरोबर झटापट करू नये, अर्धा तास तसंच ठेवावं. मात्र आतला भाग पोलादाचा आणि बाहेरचा अॅल्युमिनियमचा असेल तर गारवा असेपर्यंत जोड घट्टच राहतो.

चौथं कारण घाण आणि गंज. ०.७५ पिचच्या आट्याची खोली अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असते. मातीचा एक कण तिथे पुरेसा होतो. आणि स्टेनलेसचा स्क्रू अॅल्युमिनियमच्या भोकात वर्षभर राहिला, वरून दवाचं पाणी मिळालं, की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक गंज सुरू होतो. पांढरी भुकटी दिसते ती अॅल्युमिनियमच्या गंजाची. ती जागा जास्त व्यापते आणि स्क्रूला कवळते.

कोणते आटे कोणाशी जुळतात

वंगणाकडे जाण्याआधी हे तपासा, कारण काही जोड जाम होत नाहीत, ते मुळातच चुकीचे लावलेले असतात. मिलिमीटरमध्ये व्यास × पिच असं लिहिलं, तर सव्वा इंची फिल्टरचे आटे एम २८.५ × ०.६, दोन इंची फिल्टरचे एम ४८ × ०.७५, टी-२ चे (दुर्बिणीला कॅमेरा लावण्याचा प्रचलित जोड) एम ४२ × ०.७५. जुन्या स्क्रू माउंट कॅमेरा लेन्सचे आटे मात्र एम ४२ × १ असतात. व्यास तोच, पिच वेगळा. टी-२ चा अडॅप्टर त्यावर एक-दीड फेरा अगदी छान बसतो आणि मग अडकतो. तिथे ‘वंगण कमी पडलं’ असं समजून जोर केला की दोन्ही भागांचे आटे गेले. श्मिट-कॅसेग्रेन (आरसे आणि पुढे भिंग असलेल्या) दुर्बिणीच्या मागच्या तोंडाला बहुधा दोन इंची, इंचाला २४ आटे असलेला जोड असतो. तो मिलिमीटरच्या हिशेबात कशाशीच जुळत नाही. शंका आली तर पिच गेज (पिच मोजण्याच्या दातेरी पट्ट्या) लावून बघा. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कुठल्याही टर्नरकडे (लेथ चालवणाऱ्या कारागिराकडे) ते असतं.

काय वापरायचं

स्पेसर, अडॅप्टर, फोकसरच्या (प्रतिमा स्पष्ट करण्यासाठी पुढेमागे सरकणाऱ्या नळीच्या) मागची कडी, डायगोनलचा (प्रकाश वळवणाऱ्या आरशाच्या भागाचा) जोड अशा अॅल्युमिनियमच्या भागांसाठी पीटीएफई (टेफ्लॉन) मिसळलेलं सिंथेटिक ग्रीस सगळ्यात सोयीचं. लहान ट्यूब घेतली तरी अनेक वर्षं पुरते. एमआयडीसीच्या आसपास बेअरिंग आणि औद्योगिक माल विकणाऱ्या दुकानांत विचारा किंवा ऑनलाइन मागवा. त्याहून वरच्या दर्जाचं म्हणजे परफ्लुओरोपॉलिइथर ग्रीस. त्याची वाफ जवळजवळ होत नाही, म्हणून कॅमेऱ्याजवळच्या जोडांना ते उत्तम, पण महाग असतं आणि साध्या वापराला त्याची गरज नाही.

फिल्टरच्या आट्यांना ग्रीस नकोच. काच अगदी लगत असते. तिथे साधी पांढरी मेणबत्ती वापरा: कोरड्या, स्वच्छ आट्यांवर ती एकदा हलकेच फिरवायची आणि जास्तीचं मेण सुती कापडाने पुसून टाकायचं. आट्यांच्या खोबणीत राहतं तेवढं मेण पुरतं. ते उडत नाही, पसरत नाही. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत मात्र सामान ठेवू नका. मेण तिथे मऊ पडतं. सामान तसंही तिथे ठेवू नयेच.

आता जे वापरू नये ते, कारणांसकट.

डब्यातला गंज सोडवणारा स्प्रे वंगण म्हणून विकत घेतला जातो, पण तो मुख्यतः पातळ द्रावक असतो. द्रावक उडून जातो, मागे तेलाचा पातळ थर राहतो, आणि फवाऱ्याचे थेंब नको तिथे जातात. दुर्बिणीच्या खोलीतसुद्धा त्याचा फवारा मारू नये.

सिलिकॉन ग्रीस पृष्ठभागावरून सरकत दूरपर्यंत जातं. काचेवर गेलं की निघता निघत नाही आणि त्या जागी पुढे रंग किंवा चिकट पट्टीही धरत नाही.

पेट्रोलियम जेली उन्हाळ्यात पातळ होऊन ओघळते.

पेन्सिलीचं शिसं, म्हणजे ग्राफाइट, कुलपाला बरं. अॅल्युमिनियमला ओलाव्यात ग्राफाइट लागलं की गंज वाढतो, शिवाय त्याची काळी पूड सुटून सेन्सरच्या काचेवर बसते.

तांब्याची पूड घातलेलं अँटी-सीझ पोलादी बोल्टला चालतं, अॅल्युमिनियमला नाही; कारण पुन्हा तेच, दोन धातूंमधला गंज.

नळाची टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिच्या तारा सुटतात आणि जोड एका बाजूला कलतो. छायाचित्राच्या एका कोपऱ्यातले तारे लांबट दिसायला तेवढा कल पुरतो.

ग्रीस चांगलं आहे की नाही हे घरी तपासता येतं. टिशू पेपरवर एक ठिपका ठेवून दिवसभर बघा. भोवती तेलाचं मोठं वर्तुळ पसरलं तर त्यातून तेल सुटतंय. दुसरा ठिपका स्वच्छ काचेच्या बाटलीत तळाला ठेवून वर काचेचा तुकडा झाका आणि दोन दिवस उन्हात ठेवा. झाकणाच्या काचेवर धुरकट थर दिसला तर ते ग्रीस दुर्बिणीच्या जवळपास आणायचं नाही. तोच थर पुढे तुमच्या लेन्सवर बसणार असतो.

प्रत्यक्ष काम

सामान: ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल (इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं), मऊ दातांचा नवा ब्रश, धागे न सुटणारं कापड, लाकडी टूथपिक, नायट्राइलचे हातमोजे, हवेचा रबरी फुगा, ग्रीस. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट घेऊ नका. काहींत तेलकट पदार्थ मिसळलेले असतात आणि ते मागे राहतात. काम पंखा बंद करून, स्वच्छ टेबलावर पांढरा कागद अंथरून करा. कागदावर काय पडतं ते दिसलं पाहिजे. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून खिडकी उघडी आणि जवळ ज्योत नको.

१. काच असलेला भाग आधी वेगळा करा. जो भाग काचेपासून सुटत नाही, उदाहरणार्थ कॅमेरा किंवा डायगोनल, त्याला द्रव लावायचाच नाही. त्याचे आटे कोरड्या ब्रशने, तोंड खाली धरून झटका, म्हणजे सुटलेली धूळ आत न जाता खाली पडेल.

२. सुट्या भागांवर ब्रशला अल्कोहोल लावून आट्यांच्या दिशेने, म्हणजे गोल, घासा. आडवं घासलं तर मळ एका खोबणीतून दुसऱ्या खोबणीत जातो. जुनं पिवळं, घट्ट झालेलं ग्रीस अल्कोहोलने सहज जात नाही. तिथे आधी थोडं रॉकेल आणि नंतर दोनदा अल्कोहोल. रॉकेलचा अंश राहता कामा नये.

३. खोबणीचा तळ साफ करायला जाडसर सुती दोरा उत्तम. तो आट्यांत एक फेरा गुंडाळायचा आणि दोन्ही टोकांनी ओढत चालवायचा. काळा होऊन येतो. दोरा पांढरा निघेपर्यंत हे करा. कारखान्यातून आलेल्या अगदी नव्या भागातूनही बारीक चमकदार कण निघतात; आटे कापताना राहिलेली ती कीस असते, आणि नव्या जोडांच्या खरखरीचं ते नेहमीचं कारण आहे.

४. सपाट तोंडं विसरू नका. दोन्ही तोंडं अल्कोहोलने पुसा आणि बोटाच्या टोकाने हळू कड तपासा. कुठे बर (धातूची उचललेली धारदार कड) लागला तर १००० नंबरचा पॉलिश पेपर सपाट काचेवर ठेवून त्यावर तोंड दोन-तीनदा हलकेच फिरवा. तेवढ्यानंच भागतं. नंतर पुन्हा पुसा.

५. भाग पूर्ण वाळू द्या. दहा मिनिटं पुरतात, पावसाळी हवेत जरा जास्त. ओल्या आट्यांवर ग्रीस लावलं तर ते चिकटत नाही, नुसतं तरंगतं.

६. आता वंगण. एम ४८ च्या पूर्ण जोडाला मोहरीच्या दाण्याएवढं ग्रीस पुरतं. एम ४२ ला त्याहून कमी. ते फक्त बाहेरच्या आट्यांवर, म्हणजे जो भाग आत जातो त्याच्यावर लावायचं. टूथपिकने सारख्या अंतरावर तीन बारीक ठिपके द्या, हातमोजा घातलेल्या बोटाने गोल पसरवा आणि मग कापडाने असं पुसा की जणू तुम्हाला ते काढूनच टाकायचं आहे. उरते ती चमक म्हणजे योग्य प्रमाण. आट्यांचं जे टोक प्रकाशाच्या वाटेकडे उघडं असतं तिथले पहिले एक-दोन आटे कोरडेच ठेवा, कारण जोड आवळताना ग्रीस पुढे ढकललं जातं आणि नेमकं तिथून आत येतं.

७. सपाट तोंडावर ग्रीसचं बोट एकदाच फिरवून पुसून घ्या. नेहमी सोडावा लागणारा जोड असेल तर तिथे ग्रीसपेक्षा वॉशर चांगला: ०.५ मिमी जाडीचा नायलॉन किंवा पीटीएफईचा, जोडाच्या मापाचा. धातू धातूला टेकतच नाही, मग चिकटणार काय? फक्त एवढं लक्षात ठेवा की वॉशरची जाडी फ्लॅटनर (कडेचे तारेही नीट यावेत म्हणून लावतात ते भिंग) ते कॅमेऱ्याचा सेन्सर या अंतरात मोजली जाते. ५५ मिमी अंतर हवं असेल आणि तुमच्याकडे १७.५, १६.५ आणि २१ मिमीचे भाग असतील, तर ते नेमके ५५ होतात. दोन वॉशर घातले की ५६. फ्लॅटनरच्या कडेचे तारे लगेच तक्रार करतात.

८. जोडणी. दोन्ही भाग सरळ समोरासमोर धरा आणि आधी उलट, म्हणजे सोडण्याच्या दिशेने, हळूच फिरवा. एका जागी आटा आट्यावरून खाली उतरतो; हाताला बारीकसा ‘टक’ असा धक्का जाणवतो. तिथून सुलट फिरवायला सुरुवात करा. ही एक सवय लागली की आटे तिरके लागण्याचा प्रश्न जवळजवळ संपतो. अंधारात, गार पडलेल्या बोटांनी काम करताना तर डोळ्यांपेक्षा हा ‘टक’ जास्त भरवशाचा.

९. शेवटपर्यंत दोन बोटांनी फिरलं पाहिजे. तोंडं टेकल्यावर थोडासाच पीळ द्या आणि थांबा. वंगण लावलेल्या जोडात घर्षण कमी असतं, म्हणून पूर्वीइतकाच जोर दिला तर जोड पूर्वीपेक्षा जास्त आवळला जातो. वंगण लावूनही जाम होतं अशी तक्रार येते ती बहुतेक इथून. जोड आपोआप सुटेल ही भीती नको. एवढ्या बारीक पिचचा जोड वंगण असतानाही स्वतःहून सुटत नाही. कॅमेऱ्याच्या वजनाने गळून पडेल असं वाटत असेल तर दोष आट्यांचा नाही, कॅमेऱ्याची केबल एका बाजूला ओढत असेल, ती बांधा.

शेवटी जोड सोडा, पुन्हा लावा, असं तीन-चारदा करा आणि बाहेर आलेलं ग्रीस पुसून घ्या. मग टॉर्च लावून आतल्या बाजूला बघा. चमकदार थेंब दिसला तर तो आता काढा. नंतर तो काचेवर सापडेल.

जिथे वंगण नको

क्रेफर्ड फोकसरमध्ये दांडा आणि नळीची सपाट पट्टी यांच्यातल्या घर्षणावरच फोकसर चालतो. तिथे ग्रीस लागलं की कॅमेऱ्याच्या वजनाने नळी घसरते. ती पट्टी आणि दांडा अल्कोहोलने पुसून कोरडे ठेवायचे. आयपीसची (डोळा लावतो त्या भिंगाची) नळी, तिला धरणारी पितळी कडी, डव्हटेल पट्टी (दुर्बीण माउंटवर बसवणारी) आणि तिचे जबडे, माउंटच्या (दुर्बीण फिरवणाऱ्या आधाराच्या) क्लचच्या चकत्या हे सगळं पकड धरण्यासाठी आहे, कोरडंच हवं. डव्हटेल आवळणाऱ्या बोल्टच्या आट्यांना मात्र वंगण लावा, पण जबड्यांवर ओघळू देऊ नका. ओघळलेल्या ग्रीसमुळे आठ-दहा किलोची नळी मध्यरात्री सरकली तर नुकसान फिल्टर चिकटण्याच्या कितीतरी पट.

लेन्स धरून ठेवणाऱ्या आतल्या कड्यांना हात लावू नका, वंगणासाठीही नाही.

माउंट आणि ट्रायपॉड

इथे धातू जाड, काच लांब, म्हणून थोडं सैल वागता येतं. पोलादी बोल्ट, ट्रायपॉडचा मधला दांडा, काउंटरवेटच्या दांड्याचा आटा यांना साधं लिथियम ग्रीस चालतं, पातळ थरात. स्टेनलेस बोल्टवर स्टेनलेस नट असेल तर तो जोड वंगणाशिवाय कधीच भरभर फिरवू नका. स्टेनलेस स्वतःलाच धरून बसण्यात अॅल्युमिनियमच्याही पुढे आहे. अॅल्युमिनियमच्या भोकात जाणाऱ्या स्टेनलेस स्क्रूला वंगण हवंच, कारण तिथे ते घर्षणासाठी नसून पाणी आत जाऊ नये म्हणून असतं. फाइंडरचे (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीचे), ट्यूबच्या कड्यांचे आणि कोलिमेशनचे (आरसे किंवा भिंगं एका रेषेत आणण्याचे) स्क्रू यात येतात.

नाशिकचं अक्षांश २० अंश, म्हणून ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे २० अंशांवर. विषुववृत्तीय माउंटचा ध्रुवीय अक्ष (ध्रुवताऱ्याकडे रोखलेला) इथे बराच आडवा असतो आणि उंची बदलणाऱ्या बोल्टवर भार जास्त येतो. लहान माउंटमध्ये हा बोल्ट वाकतो किंवा त्याचं टोक बोथट होऊन आट्यांपेक्षा जाड होतं, मग बोल्ट मागे येतच नाही. बोल्ट फिरवण्याआधी दुर्बीण आणि वजनं उतरवा, एका हाताने माउंटचं डोकं उचलून धरा आणि मग फिरवा. बोल्टच्या आट्यांना आणि विशेषतः टोकाला लिथियम किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं ग्रीस लावा. मॉलिब्डेनमचं ग्रीस काळं आणि चिवट असतं, कपड्यांचे डाग जात नाहीत, आणि ते हात घेऊन आयपीसला शिवायचं नाही.

जाम झालाच तर

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून सावकाश वाचा.

पातळ कडी अंगठा आणि तर्जनीत जोरात चिमटली की ती गोल राहत नाही, लांबट होते, आणि आटे दोन बाजूंनी आणखी रुततात. जितका जोर, तितकी ती घट्ट. म्हणून दाब कडेभोवती सारखा हवा. एक सपाट रबर (माऊस पॅडचा मागचा भाग चालतो) टेबलावर ठेवा, त्यावर कडी उपडी ठेवून वरून तळव्याने सरळ दाबा आणि फिरवा. काच असेल तर ती रबराला लागत नाही ना ते आधी बघा. किंवा कडीभोवती रुंद रबरबँड दोन-तीन वेढे देऊन पूर्ण मुठीत धरा. रबरी पट्ट्याचे स्ट्रॅप रेंच दोन असतील, एक प्रत्येक भागाला, तर फारच छान. पट्टे एकमेकांच्या जितके जवळ तितकं बरं. कॅमेऱ्याच्या फिल्टरसाठी प्लास्टिकच्या चिमट्यांची जोडी मिळते, तीही चालते. पक्कड आणि पाइप रेंच लांब ठेवा.

आधी दिशा पक्की करा. जोड उलटा धरलेला असताना अनेकजण जोर लावून आवळतच असतात.

तेवढ्यानं न सुटल्यास उष्णता. बाहेरचा भाग हेअर ड्रायरने गरम करा, आतला भाग गार ठेवा. ४८ मिमीची कडी ३० अंशांनी तापली की व्यासात ०.०३३ मिमीने वाढते, आणि पुष्कळदा तेवढ्यात काम होतं. भाग हाताला सोसवेल इतकाच तापवा. काच जोडलेली असेल तर ड्रायर लांबून, हळूहळू. झटक्यात तापलेल्या काचेला तडा जातो, चिकटवलेल्या लेन्सचा थर सुटतो. उलट्या बाजूने विचार करून सगळाच जोड फ्रीझरमध्ये ठेवणं नको: दोन्ही भाग सारखे आकसतात आणि बाहेर काढल्यावर सगळ्यावर दव धरतं.

गंज सोडवणारं तेल फक्त काच, सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक्स नसलेल्या भागांवर. टूथपिकच्या टोकाने एक थेंब फटीवर, रात्रभर थांबा, दुसऱ्या दिवशी प्रयत्न. सुटल्यावर दोन्ही भाग पहिल्यापासून धुऊन काढा.

हलायला लागला आणि पुन्हा खरखर सुरू झाली तर सरळ ओढू नका. पाव फेरा पुढे, अर्धा फेरा मागे, असं करत बाहेर आणा, म्हणजे ओरबाडलेले कण खोबणीतून निघत जातात.

वर्षातून केव्हा

खंडेनवमीला हत्यारं आणि यंत्रं पुसून ठेवायची आपल्याकडे रीत आहेच; दुर्बिणीच्या आट्यांची वार्षिक सफाईही तेव्हाच करावी. पाऊस संपत आलेला असतो आणि आकाश उघडण्याआधी हातात थोडे दिवस असतात. फिल्टर आणि स्पेसर आठवड्याला बदलत असाल तर मकरसंक्रांतीच्या सुमारास आणखी एकदा पुसून घ्या. उन्हाळ्यात हरसूल-पेठकडे कच्च्या रस्त्याने जाऊन आलात तर लगेच: ग्रीसमध्ये बारीक माती मिसळली की ते घासायची पेस्ट होते आणि प्रत्येक फेऱ्याला अॅनोडायझिंग खरवडतं. अशा जोडावर वरून नवं ग्रीस लावणं म्हणजे पेस्ट वाढवणं. आधी पूर्ण काढा, मग लावा.

जूनमध्ये सामान बंद करताना प्रत्येक जोड अर्धा फेरा सैल करा, फिल्टर त्यांच्या डब्यांत सुटे ठेवा आणि पेटीत सिलिका जेल टाका. दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर निळे होईपर्यंत गरम करून पुन्हा वापरता येतात. त्यासाठी स्वयंपाकाचा तवा मात्र वापरू नका, जुना वेगळा ठेवा.

आटे गेलेच असतील तर

एखाद-दुसरा आटा दबला असेल तर त्रिकोणी सुईकानशीने, भिंगाखाली, फक्त उचललेला धातू काढून जोड वाचवता येतो. त्याहून जास्त खराब असेल तर नाशिककरांची सोय आहे: सातपूर, अंबडमध्ये बारीक पिचचे आटे लेथवर कापणारे टर्नर आहेत. जाताना जोडीचा दुसरा, चांगला भाग बरोबर न्या. ‘०.७५ पिच, पातळ भिंत आहे, चकमध्ये दाबू नका, आतून आधार द्या’ एवढं आधीच सांगा. तीन जबड्यांच्या चकमध्ये आवळलेली पातळ कडी कापताना गोल असते आणि सोडली की त्रिकोणाकडे झुकते.

नवीन भाग करून पुढे अॅनोडायझिंगला देणार असाल तर तेही टर्नरला सांगा. थराच्या साधारण निम्मी जाडी पृष्ठभागाच्या बाहेर वाढते, आणि ६० अंशांच्या आट्यात बाजूला वाढलेल्या प्रत्येक मायक्रॉनमागे पिच व्यास (आट्याच्या मधल्या उंचीवर मोजलेला व्यास) चार मायक्रॉनने बदलतो. २० मायक्रॉनच्या थरासाठी म्हणजे सुमारे ०.०४ मिमीची जागा बाहेरच्या आट्यांवर आधीच सोडावी लागते. ती सोडली नाही, तर लेथवरून सुरेख बसणारा जोड अॅनोडायझिंगहून परत आल्यावर दुसऱ्याच आट्याला अडकतो, आणि तो कोणत्याही ग्रीसने मोकळा होत नाही.